चिकित्सेची शुद्धता

चरकसंहितेच्या निदानस्थानांत आठ अध्याय आहेत आणि त्यांतला शेवटचा अपस्मारावर आहे. ज्यांत स्मृति लोपते तो अपस्मार, अशी नांवाची फोड. रोगाचे प्रकार, पूर्वचिन्हें आणि कारणें सांगतां सांगतां ग्रंथकार अध्यायाच्या उत्तरार्धांत एका निराळ्याच प्रश्नाकडे वळतो. एक रोग दुसऱ्या रोगाला कसा कारण होतो हें सांगून तो असा अभिप्राय देतो कीं, एक व्याधि शमवून दुसरी उठवून ठेवणारा उपाय शुद्ध म्हणतां येत नाहीं. हा सिद्धान्त सर्व चिकित्सेला लागू असतां तो नेमका अपस्माराच्या अध्यायांत यावा, हा ग्रंथरचनेचा योगायोगही असेल. परंतु गेल्या दीडशें वर्षांतील फेफऱ्याच्या औषधांचा इतिहास ज्यानें वाचला आहे, त्याला हा योगायोग सहज विसरतां येणार नाहीं.

तो इतिहास थोडक्यांत असा. १८५७ सालीं लंडनच्या एका वैद्यकसभेंत सर चार्ल्स लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला, आणि फेफऱ्यावर खरोखर चालणारें पहिलें औषध जगाला मिळालें. त्यानें झटके कमी होत. पण रोग्याची बुद्धि मंद होई, अंगावर फोड उठत. पुढें १९१२ सालीं, म्हणजे आमच्या कोल्हापुरांत शाहूमहाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें कुस्तीचें मैदान पुरें झालें त्याच सालीं, जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें आल्फ्रेड हाउप्टमान नांवाच्या तरुण डॉक्टरला फिनोबार्बिटोनचा हा गुण सांपडला. त्याची हकीकत अशी सांगतात कीं, तो अपस्माराच्या रोग्यांच्या दालनावरच राहत असे. रात्रीं रोग्यांना झटके येत, ते बिछान्यावरून पडत, आणि याची झोंप मोडे. म्हणून त्यानें झोंपेचें एक नवें औषध त्यांना दिलें. पाहतो तों रात्रींचेच नव्हे तर दिवसाचे झटकेही उणावले! या हकीकतींतली एक गोष्ट मला नेहमीं विचारांत पाडते. औषध मिळालें रोग्याला. पण शांति प्रथम हवी होती ती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याला. यांत दोष काढावा असें कांहीं नाहीं, कारण लाभ दोघांचाही झाला. तथापि घरांत फेफऱ्याचें मूल असलेल्या आईबापांनीं एकदां आपल्या मनाला विचारून पाहावें, कीं गोळी पोटांत गेल्यावर आपला जो निःश्वास सुटतो तो सगळाच्या सगळा मुलाकरितां असतो काय?

१९३८ सालीं बॉस्टनच्या मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें; १९६० नंतर कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट हीं आलीं. आज या औषधांच्या योगें दहांपैकीं सुमारें सात रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात. ही सामान्य गोष्ट नव्हे. चुलीजवळ बसलेल्या मुलाला झटका येऊन त्याचा हात भाजलेला ज्यानें पाहिला असेल, किंवा पाण्याच्या कांठीं बसलेलें मूल दोन मिनिटांत कसें नाहींसें होतें हें ज्याच्या घरानें अनुभविलें असेल, त्याला या औषधांची थोरवी समजावून सांगावी लागत नाहीं. पुढील विवेचन वाचतांना हें कोणीं विसरूं नये. आणि हा लेख वाचून आपल्या मुलाची गोळी परस्पर बंद करण्याचें तर कोणीं मनांतही आणूं नये. अशी गोळी एकाएकीं तोडली असतां झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतूं शकतें.

परंतु फिनोबार्बिटोन वापरांत येऊन पंचावन्न वर्षें लोटल्यावर, १९६७ व १९६८ या सालीं, श्मिड आणि क्रूझे या जर्मन डॉक्टरांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, हीं औषधें वर्षानुवर्षें घेणाऱ्या मुलांच्या हाडांत मुडदुसासारखी विकृति आढळते. १९७० सालीं इंग्लंडांत रिचेन्स व रो यांनीं अशा रोग्यांच्या शरीरांतील कॅल्शियमची घडी विस्कटते हें दाखविलें. मधल्या पंचावन्न वर्षांत ही गोष्ट इतकी झांकून कां राहिली? फेनिटॉइननें हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते, हें आईच्या डोळ्यांना दिसतें. फिनोबार्बिटोननें मूल पेंगतें किंवा उलट चिडखोर होतें, हें मास्तरांच्या डोळ्यांना दिसतें. हाड मात्र मांसाआड असतें. आणि तें मोडलेंच तर कारण आधींच तयार होतें: फेफऱ्याचा रोगी, पडला असेल, मोडलें असेल. एक खरें कारण हाताशीं असलें म्हणजे दुसरें शोधण्याची गरज माणसाला वाटत नाहीं. तर्कशास्त्र शिकवितांना मीं हा दोष फळ्यावर कितीदां लिहिला असेल! पण त्याचें इतकें दीर्घायुषी उदाहरण मला पाठ्यपुस्तकांत आढळलें नाहीं.

हाडांची गोष्ट मुळांत अशी आहे. उन्हाच्या योगें कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें. तें यकृतांत आणि मूत्रपिंडांत रूप पालटून आंतड्यांकडून अन्नांतला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, ओढवून घेतें. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन हीं औषधें यकृताला वाजवीहून अधिक उद्योगी करतात. बाहेरून आलेलें औषध मोडून टाकण्याच्या धडाक्यांत यकृत हें उपयोगाचें जीवनसत्त्वही मोडून टाकूं लागतें. मग अन्नांतलें कॅल्शियम कमी शोषलें जातें. रक्तांतलें प्रमाण तर राखलेंच पाहिजे, म्हणून गळ्यांतील चार बारीक ग्रंथी हाडांना तगादा लावतात, आणि हाडें आपल्या गांठीचा चुना सोडूं लागतात. रक्ताची पत राहते ती अशी. व्हॅल्प्रोएट यकृताला या रीतीनें चेतवीत नाहीं, तरी तें घेणाऱ्या मुलांच्या हाडांची घनता उणी भरल्याचें पुष्कळ ठिकाणीं दिसून आलें आहे. लेव्हेटिरासेटॅमसारखीं अलीकडचीं औषधें या बाबतींत त्या मानानें सौम्य दिसतात.

मोठ्या माणसाचा असा तोटा आणि मुलाचा तोटा यांत फरक आहे. प्रौढ मनुष्य सांठविलेल्यांतून खर्च करीत असतो. मूल अजून सांठवीत असतें. हाडांचें सुमारें नव्वद टक्के भांडवल अठरा-वीस वर्षांच्या आंत भरून होतें, आणि पुढील आयुष्य त्यावर काढावयाचें असतें. सहाव्या वर्षीं औषध सुरू झालें आणि तें दहा वर्षें चाललें, तर तीं दहा वर्षें कमाईचीं होतीं. त्या वेळीं राहिलेली तूट कदाचित् पंधराव्या वर्षीं दिसेल, कदाचित् पन्नासाव्या वर्षीं, घरांतल्या घरांत पाय घसरून. अपस्मार असलेल्या माणसांचीं हाडें मोडण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें दुप्पट असतें. त्यांतला कांहीं भाग झटक्यांतल्या पडण्याचा, आणि कांहीं या आंतल्या तुटीचा.

आतां यांत नीतिशास्त्राचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. झटका हा मोठा अपाय; हाडांचें उणेपण हा लहान व दूरचा अपाय. मोठा टाळण्यासाठीं लहान पत्करावा, हें व्यवहाराला आणि शास्त्राला दोहोंनाही मान्य आहे. टॉमस अक्विनासच्या आत्मसंरक्षणावरील विवेचनाच्या आधारें युरोपांतल्या पुढच्या धर्मशास्त्रज्ञांनीं तर अशा प्रसंगांसाठीं नियमच बसवून ठेविला आहे. एका कृत्याचे दोन परिणाम होत असतील, एक इष्ट व एक अनिष्ट, तर हेतु इष्टाचा असावा, अनिष्ट हें इष्टाचें साधन नसावें, आणि इष्टाचें वजन अधिक भरावें. इतकें साधलें कीं कर्ता निर्दोष. आपली गोळी या कसोटीला पुरेपूर उतरते. बापाला मुलाचें हाड ठिसूळ करावयाचें नसतें. हाड ठिसूळ झाल्यामुळें झटका थांबतो असेंही नसतें. आणि झटक्याचें वजन जास्त आहे यांत शंका नाहीं.

नियम बरोबर आहे. माझी तक्रार इतकीच कीं, तो एका कृत्याचा विचार करतो. शत्रूचा वार चुकविणारा मनुष्य एकदां हात उगारतो आणि प्रसंग संपतो. गोळी एकदां दिली जात नाहीं. ती सकाळ-संध्याकाळ दिली जाते. वर्षाला सातशें तीस वेळां. पहिल्या दिवशीं आईनें ती दिली तेव्हां तिच्यासमोर निळें पडलेलें, फेंस आलेलें मूल होतें, आणि तिनें दुसरा कसलाही विचार केला नाहीं हें योग्यच झालें. पण हजाराव्या गोळीच्या वेळीं मूल समोर खेळत असतें. पहिल्या दिवसाची निर्दोषता हजाराव्या दिवसापर्यंत आपोआप चालत येते, असें मानावयास मला आधार दिसत नाहीं. पहिल्या गोळीला निकड हें पुरेसें उत्तर होतें. हजारावीला तें उत्तर शिळें झालेलें असतें, आणि मधल्या काळांत आपण काय पाहिलें व काय पाहिलें नाहीं हा प्रश्न उभा राहतो.

बेंथॅमनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सुखदुःखाचीं सात मापें सांगितलीं आहेत. त्यांत शुद्धता हें एक माप आहे: ज्या सुखाच्या पाठीमागून दुःख येण्याचा संभव नसतो तें सुख शुद्ध. चरकाचा शब्द आणि बेंथॅमचा शब्द एकच निघावा याचें मला मोठें कौतुक वाटतें. तरी दोघांच्या वृत्तींत भेद आहे. बेंथॅमच्या हिशेबांत शुद्धता हा सात आंकड्यांतला एक आंकडा; दुसरे आंकडे मोठे असले कीं तो झांकला जातो, बेरीज चांगली येते आणि वही मिटते. चरकाच्या दृष्टीनें, निदान मीं तिचा जो अर्थ करतों त्याप्रमाणें, बेरीज चांगली येऊनही उपाय अशुद्धच राहतो. अशुद्ध म्हणजे टाकाऊ नव्हे. अशुद्ध म्हणजे ज्याच्यावर अजून काम बाकी आहे असा. सोनार हिणकस सोनें फेकून देत नाहीं, पण तें शुद्ध झालें असेंही म्हणत नाहीं.

बेंथॅमच्या त्याच यादींत निकटता हेंही एक माप आहे: जवळचें दुःख अधिक, दूरचें उणें. सिज्विकनें १८७४ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत यावर योग्य आक्षेप घेतला, कीं दुःख उद्यां येणार कीं आज, एवढ्यावरून त्याची किंमत बदलूं नये; त्याची अनिश्चितता तेवढी हिशेबांत धरावी. सिज्विकचें म्हणणें माणसाच्या स्वतःच्या आयुष्यापुरतें होतें. मीं तरुणपणीं तंबाखू खाल्ली आणि म्हातारपणीं भोगलें, तर मीं माझेंच लुटलें. त्याला अविचार म्हणतां येईल. मुलाच्या बाबतींत आज आणि उद्यां यांच्यामध्यें दोन निराळीं माणसें उभीं असतात. झटक्याची भीति आज आम्हां वडील माणसांना भोगावी लागते. हाडाचें दुखणें पुढें त्या मुलाला एकट्याला भोगावयाचें असतें, आणि तेव्हां आम्ही बहुधा नसूं. जवळच्या दुःखाला झुकतें माप देणें येथें दुसऱ्याच्या ठेवींतून आपली नड भागविण्यासारखें होतें. नड खरी असेल, ठेव काढणें भागही असेल; पण कुळकर्ण्याच्या दप्तरांत त्याची नोंद हवी कीं नको?

माझे एक जुने विद्यार्थी आतां गृहस्थ झाले आहेत; येथेंच राहतात. त्यांच्या मुलीला पांचव्या वर्षापासून अपस्मार आहे. औषधानें उत्तम गुण आला. तीन-तीन महिन्यांत एकही झटका नाहीं अशी स्थिति. नवव्या वर्षीं ती अंगणांतल्या ओट्यावरून खालीं उतरतांना पडली आणि मनगटाजवळ हात मोडला. ओट्याची उंची दीड फूटही नसेल, आणि झटका वगैरे कांहीं नव्हता. हाड बसविणाऱ्या डॉक्टरांनीं सहज विचारलें, मुलगी कांहीं गोळ्या घेते का. मग रक्त तपासविलें. ड जीवनसत्त्व फारच खालीं गेलेलें होतें. ते गृहस्थ त्या संध्याकाळीं माझ्याकडे आले आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “सर, हें आम्हींच केलें म्हणावयाचें काय?”

मीं त्यांना सांगितलें कीं, गोळी दिलीत ही चूक नव्हे. ते म्हणाले, “तें मलाही कळतें. पण चार वर्षें आम्ही एका वहींत झटक्यांच्या तारखा लिहीत आलों. कोणत्या दिवशीं किती मिनिटें, गोळी किती वाजतां, सगळें. त्या वहींत तिच्या हाडांचा एक शब्द नाहीं.”

अपराध आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी आपण बोलतांना एक करून टाकतों, आणि त्यामुळें दोन्हींकडून फसतों. अपराध नाहीं असें ठरलें कीं उत्तरदायित्वही संपलें असें एकाला वाटतें. उत्तरदायित्व आहे असें जाणवलें कीं दुसरा स्वतःला अपराधी समजून झुरूं लागतो. शेजाऱ्याचें घर पेटलें असतां त्याचें दार मोडून आपण मूल बाहेर काढलें, तर दार मोडणें हा अपराध नव्हे. तरी दुसऱ्या दिवशीं तें दार मोडकें आहे, आणि तें मोडणारे हात आपले आहेत. जो मनुष्य दार दुरुस्त करूं लागतो तो आपला गुन्हा कबूल करीत नसतो. दार ज्यानें मोडलें त्यानेंच तें नीट करावें हें त्याला ओघानें दिसतें इतकेंच.

आणि हें दार दुरुस्त करणें फारसें अवघड नाहीं, ही या प्रकरणांतली मनाला अधिक लागणारी गोष्ट आहे. वेळोवेळीं रक्त तपासावें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें ड जीवनसत्त्व व कॅल्शियम द्यावें. दूध, तीळ, नाचणी यांची हयगय करूं नये. नाचणींत तर शंभर ग्रॅममागें साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरी खेड्यांत जें रोजचें अन्न, तें शहरांतल्या घरांतून आजारी माणसाची आंबील म्हणून उरलें आहे! मुलाला उन्हांत सोडावें. तेंही केवळ सकाळच्या कोंवळ्या उन्हांत नव्हे, कारण ज्या किरणांनीं हें जीवनसत्त्व बनतें ते ऊन वर चढल्यावरच पुरेसे मिळतात. आणि त्याला धांवूं, उड्या मारूं द्यावें. कारण हाडावर भार पडल्यावांचून हाड बळावत नाहीं. हें कोल्हापुरांत सांगावें लागूं नये. ज्या गांवांत तालमींतली माती अंगाला लावून आणि गंगावेशींत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन पिढ्या वाढल्या, त्या गांवाला हाडाचा धर्म ठाऊक आहे.

पण फेफऱ्याच्या मुलाला यांतलें नेमकें काय मिळतें? येथें औषधाचा विषय मागें पडतो आणि घराचा सुरू होतो. झटका आला कीं कांदा किंवा वहाण हुंगवावयाची आणि मुठींत लोखंडी किल्ली द्यावयाची, ही रीत अजून पुरी गेलेली नाहीं; तिनें अपाय नाहीं तसा उपयोगही नाहीं. खरा अपाय त्यानंतर होतो. दार लोटून घेतलें जातें. मूल शाळेच्या मैदानावर जात नाहीं, कारण तेथें झटका आला तर लोक पाहतील. मुलगी असेल तर अधिकच, कारण पुढें लग्न आहे. ही भीति निराधार होती असेंही म्हणतां येत नाहीं. हिंदु विवाहाच्या १९५५ च्या कायद्यांत १९७६ सालीं दुरुस्ती होऊन वारंवार येणारा अपस्मार हा वेडाच्या जोडीला विवाहाच्या पात्रतेआड आणून बसविला होता, आणि तो शब्द १९९९ सालीं काढला गेला. कायद्यानें तो काढला. सोयरिकीच्या बोलण्यांतून तो अद्याप निघालेला नाहीं.

उन्हाआड कोंडलेल्या देहाचें काय होतें याचा दाखला आपल्याच मुलखांत पूर्वीं मिळालेला आहे. १९२२ सालीं हचिसन व शहा या डॉक्टरांनीं नाशिककडील आपली पाहणी प्रसिद्ध केली. सुखवस्तु घरांत, जेथें खाणेंपिणें चांगलें पण बायकामुलें पडद्यांत, तेथें मुडदूस आणि हाडें मऊ होण्याचा रोग. आणि ज्या गरिबांना पोटभर अन्न नाहीं पण ज्यांचीं मुलें दिवसभर शेतांत उघडीं, तेथें तो जवळजवळ नाहीं. अन्नानें जें साधलें नाहीं तें उन्हानें साधलें होतें. त्या पडद्यामागें कुलीनतेची कल्पना होती. आज फेफऱ्याच्या मुलाभोंवतीं जो पडदा आहे त्यामागें थोडी माया आणि थोडी लाज आहे. यकृत एका बाजूनें जीवनसत्त्व मोडीत असतें आणि घर दुसऱ्या बाजूनें तें तयारच होऊं देत नाहीं. मग दोष सगळा गोळीच्या माथीं मारणें सोपें जातें! आमच्या करवीरांत वर्षांतून दोनदां, नोव्हेंबरांत आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीला, मावळत्या सूर्याचे किरण देवळाच्या महाद्वारांतून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोंचतात. ते किरण वाटेंत कशानें अडूं नयेत म्हणून किती खटाटोप चालते हें येथला प्रत्येक रहिवासी जाणतो. देवीच्या गाभाऱ्यांत ऊन जावें म्हणून धडपडणाऱ्या गांवानें घरांतल्या मुलाला खिडकी लावून बसवावें, याची संगति मला लावतां येत नाहीं.

अर्थात् मायेचा भाग खोटा नाहीं. रंकाळ्यांत किंवा पंचगंगेंत अशा मुलानें एकट्यानें पोहूं नये, झाडावर चढूं नये, हे निर्बंध योग्यच आहेत. पण लंगडी, दोरीवरच्या उड्या, पेठेंतला फुटबॉल यांना बंदी घालण्यांत बहुधा मुलाच्या जिवाहून आपल्या चिंतेचा बचाव अधिक असतो. हाउप्टमानच्या वरच्या मजल्यावरची झोंप मला येथें पुन्हां आठवते. मूल घरांत स्वस्थ बसलें म्हणजे आपण स्वस्थ असतों. आणि त्या स्वस्थतेला आपण त्याची सुरक्षितता असें नांव देतों.

आणखी एक गोष्ट सांगावयाची म्हणजे पैशाची. फिनोबार्बिटोन सर्वांत स्वस्त आहे, आणि जेथें साधनें थोडीं तेथें आजही तेंच प्रथम वापरलें जातें. तें न मिळण्यापेक्षां मिळणें शतपट बरें. परंतु जीं औषधें हाडांना सौम्य दिसतात तीं त्याहून महाग आहेत, रक्ताची तपासणी महाग आहे, आणि हाडांची घनता मोजण्याचें यंत्र तालुक्याच्या गांवीं नाहीं. मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न लक्ष पुरविण्याचा आहे. शेतमजुराच्या घरांत तो त्याहून निराळा आहे. स्वस्त औषध आणि महाग औषध यांच्या किंमतींतला जो फरक समाज भरीत नाहीं तो एका मुलाच्या हाडांतून वसूल होत असतो. आणि ज्या जमिनीवर हें घडतें ती जमीनही मुळांत कसदार नाहीं: २०१६ ते २०१८ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पोषण-पाहणींत, कोणतेंही औषध न घेणाऱ्यांसह एकंदर मुलांत, पांच ते नऊ वर्षांच्या शेंकडा सुमारें अठरा आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या शेंकडा सुमारें चोवीस मुलांमध्यें ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली होती. वय वाढतें तशी उणीव वाढते, हें त्यांतलें विशेष. शाळा, शिकवण्या आणि दारें या तिहींनीं मिळून तें साधलें असावें.

राहतां राहिला एक प्रश्न, आणि त्याच्यावर माझ्या त्या विद्यार्थ्याचें व माझें पुरतें एकमत झालें नाहीं. हें सगळें त्या मुलीला सांगावें काय? त्यांचें म्हणणें, मूल आधींच आजाराखालीं वावरतें. त्याला आणखी एक भीति कां द्यावी. मोठी झाली म्हणजे सांगूं. बापाचें हृदय म्हणून मीं तें समजूं शकतों. परंतु माझें मत निराळें आहे. तिच्या संमतीवांचून तिच्या देहांतून कांहीं खर्च करावा लागला, हें लहानपणाचें स्वरूपच आहे. त्याला इलाज नाहीं. मात्र ज्याच्या संमतीवांचून खर्च झाला त्याला तो खर्च झाल्याचें कळावें, एवढा त्याचा हक्क उरतो. दहा-बारा वर्षांच्या मुलीला, ही गोळी तुझे झटके थांबवते आणि तुझीं हाडें थोडीं उपाशी ठेवते, म्हणून हें दूध आणि म्हणून हें मैदान, इतकें सांगितलें तर ती घाबरेल असें मला वाटत नाहीं. उलट, नावडती नाचणी खाण्याला तिला एक कारण मिळेल, आणि शाळेंत खेळाच्या तासाला बाईंनीं बाजूला बसविलें तर उठून मला खेळलें पाहिजे असें म्हणतां येईल.

ते म्हणाले, अठराव्या वर्षीं सांगेन. तेव्हां ती सज्ञान होईल. मीं त्यांना एवढेंच दाखवून दिलें कीं, कायद्याच्या पुस्तकांत सज्ञानतेचें जें वय आहे त्याच सुमारास हाडांचें भांडवल भरण्याचें काम बहुतेक आटोपलेलें असतें. यावर ते कांहीं बोलले नाहींत. गेल्या महिन्यांत भेटले तेव्हां म्हणाले, झटक्यांची ती वही आतां मुलगी स्वतः लिहिते.